बसम्माच्या सव्वा लाख गोळ्या

मासे पकडण्यातलं मला सगळं कळतं, असं मी वयाच्या चाळिशीपर्यंत समजत होतो. ही मस्ती उतरवली ती एका अशा बाईनं, जिनं आयुष्यात मासा चाखला नव्हता. मासा शिजलेल्या भांड्यातलं पाणीसुद्धा ती प्याली नसती. तिचं नाव बसम्मा.

साल शहात्तर. मी सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका सरकारी कचेरीत कारकून होतो. गाव माळशिरसकडचं, नाव महिपती. आणीबाणी असल्यामुळे साडेदहाच्या ठोक्याला टेबलावर हजर राहावं लागे, आणि एरवी आठला उठणारा मी पहाटे गिरणीचा भोंगा झाला की उठून सायकल काढायला लागलो होतो. सिद्धेश्वराच्या तळ्याला एक चक्कर मारून घरी, मग कचेरी. देवळाच्या तळ्यात गळ टाकण्याची माझी छाती नव्हती, पण मासे बघायला काय हरकत होती? माझा खरा कारभार रविवारी. काठी, गळ आणि करडईच्या पेंडीचा डबा घेऊन मी हिप्परग्याच्या तलावावर जायचो आणि दिवेलागणीला परतायचो. आठवडाभर फायली उपसल्यावर माणसाला एवढं सुख नको?

अशाच एका सकाळी तळ्याच्या पायरीवर एक बाई माशांशी भांडताना दिसली. वय पंचावन्नच्या आसपास, अंगावर हिरवं इरकली लुगडं, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. पुढ्यात पिठाच्या गोळ्यांच्या तीन वाट्या. एका वाटीतल्या हरभऱ्याएवढ्या पाच गोळ्या तिनं पाण्यात टाकल्या, कमरेवर हात ठेवून वाट बघितली, आणि पाण्याला म्हणाली, "अय्यो, खावा की! तुमाला काय बोलवणं करू?"

मासे तिच्याकडे पाठ करून पलीकडच्या पायरीवरून यात्रेकरूंनी टाकलेले चुरमुरे खात होते.

मला राहवेना. हौशी माणसाला दुसऱ्याची चूक दिसली की त्याच्या जिभेला खाज सुटते. मी सायकल उभी करून म्हणालो, "अक्का, ही ज्वारीची कच्ची गोळी पाण्यात पडली की सुटते. मासा येईपर्यंत तिचा गाळ होतो. आधी उकड काढा, मग गोळ्या वळा."

तिनं माझ्याकडे नखशिखांत बघितलं. "तुमाला काय म्हाईत?"

"मीही रविवारी हिप्परग्याला घालतो की माशांना."

हे मी का बोललो? ती लिंगायत बाई, मी गळ टाकणारा. खरं सांगितलं असतं तर तिनं तोंड फिरवलं असतं, आणि त्या गोळ्या कशासाठी आहेत ते मला कधीच कळलं नसतं. तेवढ्यासाठी मी देवाच्या दारात खोटं बोललो. तिच्या तोंडावर मात्र एकदम माया आली. "व्हय? तुमचा बी नवस हाय?"

मी मान हलवली. कशी हलवली ते आता आठवत नाही, पण तिनं होकार धरला.

मग तिनं आपला नवस सांगितला. तिची एकुलती एक लेक दानम्मा कुंभारीला दिली होती. दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा पाचव्या महिन्यात कूस रिकामी झाली. आता तिसरी खेप. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, हे टिकलं तर टिकलं, यानंतर आशा धरू नका. बसम्मा मठातल्या अय्यांकडे, म्हणजे स्वामींकडे गेली. ते म्हणाले, पोरगी बाळंत व्हायच्या आत सव्वा लाख गोळ्या माशांना खाऊ घाल, दर गोळीला शिवाचं नाव घे.

"अय्या काय म्हनले? खाऊ घाल म्हनले. टाक न्हाय म्हनले," बसम्मानं बोट वर करून मला बजावलं. "टाकायच्या असत्या तर चार दिसात टाकून मोकळी झाले असते."

ही बसम्मा. दुसरी कुणी असती तर परातभर पीठ पाण्यात लोटून, हात जोडून घरी गेली असती. ही पाच गोळ्या टाकायची, आणि पाण्यावर उसळी दिसली तरच त्या पाच धरायची. शंभर झाल्या की घरी डालड्याच्या रिकाम्या डब्यात एक चिंचोका टाकायची. बाराशे पन्नास चिंचोके झाले की नवस पुरा. दोन महिने झाले होते आणि डब्यात नव्वद चिंचोकेही नव्हते. अशानं पोर शाळेत जाईपर्यंत नवस फिटला नसता.

तेव्हापासून रोज सकाळी दहा मिनिटं मी त्या पायरीवर थांबू लागलो. उकडीचं तिनं लगेच ऐकलं आणि गोळी सुटायची थांबली, पण मासे काही येईनात. मग त्या बाईनं आपलं स्वयंपाकघर तळ्यावर आणलं. गूळ घातला, तर डब्यात माशांऐवजी मुंग्या. ओवा घातला, मासे जवळ येऊन माघारी फिरले. खोबरेल तेल घातलं, पाण्यावर तवंग आला आणि पुजाऱ्यानं हटकलं. कापूर देवाला आवडतो तर देवाच्या माशांना का आवडू नये, म्हणून कापूर चुरून घातला. त्या दिवशी तळ्याच्या त्या कोपऱ्यात बेडूकसुद्धा फिरकला नाही.

दानम्माची अंगाला लावायची गुलाबी पावडर झाली. चहाचा चोथा झाला. एकदा नवऱ्याचं दंतमंजन झालं. नवरा संगप्पा गिरणीतून निवृत्त झालेला, अतिशय अबोल माणूस. तो एक दिवस तिच्यामागून तळ्यावर आला, काळा पडलेला पिठाचा गोळा बघितला आणि मला म्हणाला, "सायेब, आज मी राखुंडीनं दात घासलो. माशांचं दात मातुर पांढरं व्हायला पायजेत." एवढं बोलून तो घरी गेला. पुढे वर्षभरात त्याचं एवढं लांब वाक्य मी ऐकलं नाही.

शेंगदाण्याची चटणी मात्र तिनं घातली नाही. मी सुचवली होती, कारण आमच्या सोलापुरात ती कशालाही चालते. बसम्मा रागावली. "तिकाट लागंल की त्यांना! पानी प्यायला कुटं जातील?" ते पाण्यातच राहतात, हे मी तिला सांगितलं नाही.

शेवटी काम झालं ते चुकून. चैत्राचं ऊन तापलं होतं आणि आळीतल्या बायका बसम्माच्या घरी उडदाचे पापड लाटायला जमल्या होत्या. पापडाच्या लाट्यांचा पितळी डबा आणि गोळ्यांच्या पिठाचा पितळी डबा एका कपाटात शेजारी शेजारी. सकाळच्या घाईत बसम्मा भलताच डबा घेऊन तळ्यावर आली. झाकण काढलं तर उडदाचं पीठ. आता घरी कोण जाणार, म्हणून तिनं त्याच्याच पाच गोळ्या केल्या आणि शिवाचं नाव घेऊन टाकल्या.

पाणी उकळल्यासारखं दिसू लागलं. चुरमुरे सोडून मासे धावले, एकमेकांच्या अंगावर चढले. एक हातभर लांबीचा मासा थेट पायरीला येऊन धडकला. बसम्मा मागे सरकली आणि मी सायकल हातात धरून नुसता बघत राहिलो. वीस वर्षं गळ टाकत होतो, असं कधी बघितलं नव्हतं.

दुसरी बाई असती तर रोज उडीद भिजवला असता. बसम्माला महिना भागवायचा होता, उडीद परवडणारा नव्हता. तिनं पुढचे तीन दिवस शोध घेतला. एका वाटीत नुसत्या उडदाच्या गोळ्या, एकीत पापडखाराच्या, एकीत हिंगाच्या. एकेका पायरीवरून एकेक वाटी. उडदाला मासे आले आणि गेले. पापडखाराला आलेच नाहीत. हिंगाच्या ज्वारीच्या गोळीला मात्र पुन्हा तोच दंगा. त्यात मी करडईच्या पेंडीची भर सुचवली, तिनं आंबट ताकात पीठ भिजवायचं ठरवलं, आणि आमची गोळी तयार झाली. "आमची" असं तीच म्हणायची. त्या दिवसापासून रोज हजार गोळ्या तळ्यात जाऊ लागल्या आणि दहा चिंचोके डब्यात पडू लागले. ती परातीजवळ बसून एक गोळी, एक नाव, एक गोळी, एक नाव असं तासन्‌तास वळायची. प्रत्येक गोळीवर अंगठ्याच्या नखाची बारीक खूण करायची. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "शिवाला कळाय पायजे की, कुनाची हाय ती."

आणि मी काय केलं? तीच गोळी मी हिप्परग्याला गळाला लावली.

खोटं कशाला सांगू, त्या पहिल्या रविवारी मला स्वर्ग दोन बोटं उरला होता. दुपारपर्यंत चार रोहू. शेजारी बसणारे जुने जाणते गळवाले माझ्या डब्यात डोकावायला लागले, आणि मी डबा मांडीखाली घेऊन बसलो. पेंडीला हिंग लावायचं कुणाच्या बापाला सुचलं नव्हतं.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पीठ माझं, हिंग माझं, फार तर तिच्या अकलेची चोरी. पण पावसाळा लागता लागता बसम्माचे गुडघे धरले. दानम्माला सातवा संपत आला होता, ती माहेरी आली होती. बसम्मा मला म्हणाली, "महिपतराव, तुमी हिप्परग्याला जाताच की. माज्या पाचशे घिवून जाल का दर आइतवारी? तितले मासे बी शिवाचेच. तुमच्या हातनं खाल्ल्या तरी माज्यात धरीन."

नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. पण नाही का, हे सांगावं लागलं असतं. मी डबा घेतला. त्या डब्यातल्या गोळ्या मी चारा म्हणून पाण्यात उधळायचो, मासे गोळा झाले की त्यातलीच एक गळाला लावायचो. संध्याकाळी रिकामा डबा परत करायचो. ती विचारायची, "खाल्ल्या?" मी म्हणायचो, "सगळ्या." आणि पाच चिंचोके डालड्याच्या डब्यात पडायचे. सहा रविवार असे गेले.

सहाव्या रविवारी मला एक थोराड कटला लागला. माझी बायको विजयमाला परसात विळीवर तो साफ करायला बसली. थोड्या वेळानं तिनं हाक मारली. "अवो, हिकडं या. ह्येच्या पोटात काय हाय बघा."

माशाच्या पोटात दहा-बारा गोळ्या होत्या. काही विरघळलेल्या, काही अजून सबंध. सबंध होत्या त्यांवर नखाची खूण होती. परसभर हिंगाचा वास सुटला होता.

विजयमालेला तळ्यावरची बाई, तिचा नवस, सगळं ठाऊक होतं. मीच कौतुकानं सांगितलं होतं. गळाचं तेवढं सांगितलं नव्हतं. तिनं एक गोळी बोटावर घेतली, खूण बघितली, मग माझ्याकडे बघितलं. "ही त्या बाईची हाय न्हवं?"

मी ती गोळी घ्यायला हात पुढं केला, तिनं बोट मागे घेतलं.

"तिकडं ती पोर पोट घिवून बसलीया, आन् तिच्या नावाचा घास तुमी गळाला लावला?" तिनं विळी मिटली. मासा तसाच उचलला आणि परसाच्या कोपऱ्यात खड्डा करून पुरला. त्या रात्री आमच्याकडे पिठलं झालं, आणि तेही ती माझ्याशी न बोलता वाढून निघून गेली.

मला झोप आली नाही. माझ्या मनात सरळ हिशेब होता. डब्यात आता बाराशे चाळीस चिंचोके होते. आणखी एका दिवसात नवस पुरा होणार होता. दानम्माला नववा लागून पंधरा दिवस होऊन गेले होते. मी बोललो नाही, तर उद्या ती बाई समाधानानं हात जोडेल. बोललो, तर सगळं पुन्हा अर्धवट, आणि पोरीचे दिवस भरत आलेले. गप्प बसणं हीच दया आहे, असं मी स्वतःला बारा वेळा समजावलं. पण न खाल्लेली एक गोळी न धरणाऱ्या बाईला मी तीन हजार गोळ्यांची शेंडी लावली होती. तिचा नवस पोकळ आहे हे जगात मला आणि विजयमालेला, दोघांनाच ठाऊक होतं, आणि ते मला सोसेना.

सोमवारी सकाळी मी तिच्या घरी गेलो. ती तळ्यावर जायच्या तयारीत होती. दानम्मा भिंतीला टेकून, पाय लांब करून वाती वळत बसली होती. मला बघून ती हसली आणि म्हणाली, "मामा, बसा की. आई म्हनती, तुमच्यामुळं येळेत व्हतंया."

उभ्या उभ्याच मी सगळं सांगून टाकलं. गळ, रोहू, कटला, पोटातल्या गोळ्या. सांगताना मी बसम्माच्या पायांकडे बघत होतो.

दानम्माच्या हातातली वात अर्धीच राहिली. मग बसम्मानं विचारलं, "माशानं गोळी खाल्ली व्हती का?"

"खाल्ली होती. पण तिच्यात गळ होता."

"म्हंजी खाऊ घालून मारलं."

"व्हय."

ती ओरडली असती, हाकलून दिलं असतं तर बरं झालं असतं. तिनं डालड्याचा डबा खाली काढला, चिंचोके जमिनीवर ओतले आणि त्यातले तीस मोजून बाजूला केले. एकेक करून. मी म्हणालो, "अक्का, गळाला लावल्या त्या चाळीस-पन्नास असतील. बाकीच्या खरंच खाल्ल्या त्यांनी."

"चारा कशाला घातला व्हता? मारायलाच की," ती म्हणाली. "साकु." म्हणजे पुरे. मग लुगड्याच्या जुन्या चिंधीत ते तीस चिंचोके बांधून तिनं माझ्या हातात ठेवले. "हे तुमचं. माज्या घरात नगं." दानम्मानं तोंडाला पदर लावला होता. दारात संगप्पा उभा होता. त्यानं मला वाट दिली, एवढंच.

त्या दिवशी कचेरीत मी काय लिहिलं ते देवाला ठाऊक. शर्टाच्या खिशात ती पुरचुंडी होती आणि वाकलं की टोचायची. संध्याकाळी मी पुन्हा तिच्या दारात गेलो. ती परात घेऊन बसली होती. त्या दिवशी ती तळ्यावर गेलीच नव्हती. चाळीस चिंचोके भरायचे उरले होते, म्हणजे चार हजार गोळ्या. मी चप्पल काढली, हातपाय धुतले आणि परातीच्या दुसऱ्या बाजूला बसलो. तिनं वर बघितलं नाही. थोड्या वेळानं पिठाचा एक उंडा माझ्याकडे सरकवला. "नाव घ्यायला ईसरू नगा," एवढंच म्हणाली.

दिवे लागेपर्यंत माझ्या दोनशे गोळ्या झाल्या. एक गोळी, एक नाव. पन्नासाव्या गोळीला माझी बोटं आखडली, आणि या बाईनं सहा-सात महिने हे कसं केलं असेल ते मला तेव्हा कळलं. नखाची खूण करावी की नाही, हे विचारायचा मला धीर झाला नाही. मी तशाच ठेवल्या.

मंगळवारी ती सकाळ-दुपार दोनदा तळ्यावर गेली, दुखऱ्या गुडघ्यांनी. माझ्या धरून बाराशे झाल्या. डब्यात बारा चिंचोके पडले. तरी अठ्ठावीस कमी होते.

आणि बुधवारी सकाळी मी तळ्यावर पोचलो तर पायरी रिकामी. पाण्यात मासे येऊन थांबलेले.  सायकल तशीच तिच्या घराकडे दामटली. दाराला कडी. शेजारीण म्हणाली, पहाटेच दानम्माला दवाखान्यात नेलं. मी तिथं गेलो नाही. कुठल्या तोंडानं जाणार? कचेरीत गेलो आणि दिवसभर एकच वाक्य मनात घोळवत बसलो, अठ्ठावीस कमी, अठ्ठावीस कमी. त्या पोरीला काही झालं असतं तर नवसाचं खरं-खोटं देव जाणे, पण मी स्वतःला आयुष्यभर गुन्हेगार समजलो असतो.

संध्याकाळी पाचला कचेरीच्या दारात संगप्पा उभा दिसला.  तो जवळ आला आणि म्हणाला, "पोरगा. दोगं बी बरं हाईत." मग जरा थांबून, "तिनं ती पुरचुंडी मागितलीया. चिंचोक्याची."

मी त्याला सायकलवर डबलसीट घेतला. दवाखान्याच्या ओसरीत बसम्मा डालड्याचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. तो डबा तिनं पहाटे पोरीबरोबर दवाखान्यात आणला होता. मी खिशातून पुरचुंडी काढून तिच्यापुढे धरली. तिनं गाठ सोडली, तीस चिंचोके एकेक करून डब्यात टाकले आणि झाकण लावलं.

मी म्हणालो, "अक्का, असं नको. त्या गोळ्या माझ्या पापाच्या आहेत. मी तीन हजार वळून घालतो, मग टाका."

"घाला की. मासं काय नगं म्हनत्यात?" तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती. "पर हिशेब झाला, महिपतराव. अठ्ठावीस चिंचोके कमी व्हते, तरी पोरगं आलं की न्हाय? म्या वजा केल्या व्हत्या तुमच्या गोळ्या. त्यानं न्हाय केल्या."